बाटली रंगवू नका, भंगारात द्या

आपल्याकडच्या कितीतरी गल्ल्यांत फाटकाबाहेर लाल पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. कुठे कुंकू कालवलेलं, कुठे खायचा रंग. कुत्रं फिरकत नाही म्हणे. कुत्र्याला लाल रंग नीट दिसतच नाही, त्याची नजर निळ्या-पिवळ्यावर चालते. हे कुणीतरी सांगतं, मग नीळ घातलेली निळी बाटली येते, आणि कुत्रं तिच्याशेजारीच पाय वर करून शांतपणे पुढे जातं. बाटली मात्र तिथेच राहते. उन्हात पाणी विटतं, रंग उडतो, प्लास्टिक पिवळं पडतं, तरी ती कुणी उचलत नाही, कारण ती आता कचरा नसते, ‘उपयोगात’ आलेली असते.

रिकाम्या बाटलीचं काहीतरी करायलाच हवं, ही ओढ मला समजते. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणारी, डालड्याच्या डब्यात तुळस लावणारी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुईदोरा ठेवणारी आपली घरं. वस्तू टाकून देणं जिवावर येतं, आणि ते चांगलंच आहे. पण डालड्याचा डबा घरात कधीमधी यायचा, आणि आला की वर्षानुवर्षं टिकायचा. पाण्याच्या बाटल्या एका बारशाला चार खोकी येतात. त्यांतल्या सगळ्यांचं ‘काहीतरी’ करायचं तर घरात माणसांना जागा उरणार नाही. म्हणून दोन-चार बाटल्यांची कुंडी, एकीचा पेनस्टँड, एकीची झारी, एवढं करून आपण समाधान मानतो आणि उरलेल्यांकडे पाठ फिरवतो. माझी तक्रार या समाधानाबद्दल आहे.

शाळांमधून हे समाधान पद्धतशीर शिकवलं जातं. ‘टाकाऊतून टिकाऊ’चं प्रदर्शन असतं. त्यात पाणीबाटलीचा पेंग्विन, बाटलीचं रॉकेट, बाटली उभी कापून केलेला फुलदाणीचा प्रकार, आणि हल्ली भिंतीवर ओळीने टांगलेल्या बाटल्यांची बाग. ऑइलपेंट, फेव्हिकॉल, टिकल्या, थर्माकोलचे मणी. आदल्या रात्री आठ वाजता मूल सांगतं की उद्या सारख्या मापाच्या दोन बाटल्या न्यायच्या आहेत, आणि बाप खाली जाऊन शीतपेयाच्या दोन बाटल्या विकत आणतो. पेय बेसिनमध्ये ओतून टाकलेलीही घरं आहेत. प्रदर्शन संपलं की आठवड्याभरात पेंग्विन कचऱ्यात जातो. आणि कुठल्या कचऱ्यात जातो, हे महत्त्वाचं आहे.

त्यासाठी एकदा भंगाराच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहावं. गोणी उलटी केली की बाई आधी बाटली हातात घेऊन टोपण पिळून काढते. टोपण वेगळ्या पोत्यात, कारण ते दुसऱ्या जातीचं प्लास्टिक, त्याचा भाव वेगळा. मग लेबल नखाने उचकटून ओढते. बाटली आडवी टाकून टाचेने चेपते, म्हणजे पोत्यात जास्त मावतात. पांढऱ्या म्हणजे पारदर्शक बाटल्या एकीकडे, हिरव्या दुसरीकडे. कंपनी कुठलीही असो, या धंद्यात पाण्याची बाटली म्हणजे सरसकट ‘बिसलेरी’. आणि गोणीतून रंगवलेली, चिकटवलेली, माती भरलेली बाटली निघाली तर? ती न बघताच मागे फेकली जाते. हा सगळा खेळ काही सेकंदांत होतो. लिटरची बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची असते, म्हणजे किलो भरायला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. ऑइलपेंट खरवडत बसायला तिला कोण पैसे देणार?

बाटलीच्या बुडाला त्रिकोणात १ आकडा असतो. ते पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे पेट. आपल्या घरात येणाऱ्या असंख्य प्लास्टिकांपैकी ज्याला खरोखर बाजार आहे असं हे प्लास्टिक. त्याचे तुकडे करतात, गरम पाण्याने आणि सोड्याने धुतात, पाण्याच्या टाकीत सोडतात. पेट पाण्याहून जड, ते बुडतं. टोपणाचं प्लास्टिक हलकं, ते तरंगतं. एवढ्या साध्या युक्तीवर दोन्ही वेगळी होतात. पुढे पेटचा धागा निघतो, तो पॉलिस्टरच्या कापडात, उशांच्या भरणात, गालिच्यांत जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान संसदेत जे निळं जाकीट घालून आले होते ते असल्याच बाटल्यांच्या धाग्याचं होतं. आता तर बाटलीपासून पुन्हा बाटली करण्याची मागणीही वाढते आहे, कारण केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्प्रक्रिया केलेला माल वापरण्याचं बंधन उत्पादकांवर घातलं आणि ते टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं. अशी नवी बाटली करायला जुनी बाटली स्वच्छ आणि पारदर्शक लागते. थोडा रंग, थोडा गोंद किंवा पीव्हीसीच्या लेबलाचा तुकडा मिसळला तरी सगळा घाणा पिवळा, ढगाळ निघतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या एका अभ्यासाचा आकडा नेहमी सांगितला जातो: भारतात सुमारे ९० टक्के पेट बाटल्या परत वापरात येतात. एकूण बाटल्यांपैकी ६५ टक्के नोंदणीकृत कारखान्यांत, १५ टक्के असंघटित क्षेत्रात, आणि १० टक्के घराघरांत पुन्हा वापरल्या जातात. बाटल्या विकणाऱ्यांना हा आकडा फार आवडतो, तेव्हा तो हात राखूनच घ्यावा. पण अर्धा जरी खरा धरला तरी एक गोष्ट उघड आहे. हे काम कुठल्या मोहिमेने किंवा चित्रकलेच्या तासाने झालेलं नाही. ते उकिरड्यावर वाकणाऱ्या बायकांनी केलेलं आहे, आणि त्यांनी ते केलं कारण बाटलीला भाव आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. दारोदार कचरा घेणाऱ्या या बायकांच्या मिळकतीत सुक्या कचऱ्याच्या विक्रीचा वाटा मोठा असतो, आणि त्यात पाणीबाटली म्हणजे चांगला माल. ती आपण बाल्कनीत लटकवतो आणि त्यांच्या हाती चिप्सची रिकामी पाकिटं देतो.

गंमत अशी की खरी अडचण या पाकिटांचीच आहे. वेफर्स, गुटखा, शाम्पूच्या पुड्या. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले, ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. ज्या प्लास्टिकला आपल्या कलेची गरज नव्हती नेमकं त्याच्यावर आपण कला केली. काही शाळांत यावरही तोड काढतात: ही पाकिटं काठीने ठेचून पाणीबाटलीत गच्च भरायची आणि तिला ‘इको-ब्रिक’ म्हणायचं. म्हणजे न विकली जाणारी वस्तू विकल्या जाणाऱ्या वस्तूत कोंबून दोन्ही बाद करायच्या. त्या विटांचे ओटे चार-दोन ठिकाणी होतात, बाकीच्या विटा शाळेच्या जिन्याखाली पडून असतात.

मग घरी बाटली अजिबात वापरायची नाही का? तसं मी म्हणत नाही. मला एक साधी कसोटी पुरेशी वाटते: ही बाटली नसती तर या कामासाठी मी दुसरं काही विकत आणलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर बाटलीने खरंच काहीतरी वाचवलं. ‘नाही’ असेल तर ती शोभेची वस्तू आहे, आणि शोभेच्या वस्तू आपल्या घरांत आधीच फार आहेत.

या कसोटीला उतरणारे उपयोग शेतकऱ्यांनी केव्हाच शोधलेत. आंब्याच्या नाहीतर पेरूच्या बागेत फांदीला टांगलेली बाटली बघा. बाजूला भोकं, आत मिथिल युजेनॉल लावलेला कापसाचा बोळा किंवा लाकडाचा ठोकळा, सोबत कीटकनाशकाचे थेंब. फळमाशीचा नर त्या वासाने आत येतो आणि मरतो, माद्या वांझ राहतात, फळात अळी होत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ नावाचा सापळा याच तत्त्वावर दिला. तो विकत न घेता रिकाम्या बाटलीचा करणारे बागायतदार आहेत आणि त्यांचं काम चोख चालतं. कारली-दोडक्याच्या मांडवात माशी वेगळी, म्हणून आमिषही वेगळं लागतं, बाटली तीच. तसंच दुष्काळी तालुक्यांत पावसाळ्यात लावलेली रोपं एप्रिल-मे काढू शकत नाहीत. तिथे बुड कापलेली बाटली उलटी करून रोपाशेजारी खोचतात आणि टोपणाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घालतात. लिटरभर पाणी सावकाश मुळाशी जातं, वरून ओतलेलं निम्मं पाणी उन्हाने उडून जातं ते वाचतं. दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटल्या तर याहून बऱ्या, त्यांना थेंब कमी-जास्त करायची चकतीच असते. गुलाबाची किंवा जास्वंदीची फांदी लावली तर तिच्यावर अर्धी बाटली पालथी घालावी, टोपण काढून ठेवावं, सावलीत ठेवावं. आत दमटपणा राहतो, फांदी सुकत नाही, फुटवा आला की बाटली काढून पुढच्या फांदीवर. एकच बाटली कित्येक रोपं काढून देते, आणि शेवटी ती धुऊन भंगारात देता येते, कारण तिला रंग लावलेला नसतो.

उलट टांगत्या बागेचं घ्या. आडव्या बाटलीत माती जेमतेम चार बोटं बसते. विदर्भातल्या उन्हात ती माती दुपारपर्यंत तव्यासारखी तापते. पारदर्शक भिंतीतून मुळांवर ऊन येतं, आत शेवाळ धरतं. श्रावणात कोथिंबीर, मेथी, पुदिना येईल, फोटोही छान येतील. फोटो सगळे त्याच महिन्यातले असतात. मार्चमध्ये त्याच भिंतीचा फोटो कुणी काढत नाही. तोवर उन्हाने प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, हात लावला की कोपरे तुटून मातीत पडतात. आपण मातीत प्लास्टिक पेरतो आणि त्याला बागकाम म्हणतो.

आणि पाणी. खाली पाणी साठवून वातीने वर ओढणाऱ्या ‘आपोआप पाणी पिणाऱ्या’ कुंड्यांची सध्या मोठी हौस आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला स्वच्छ, साठलेलं, सावलीतलं पाणीच हवं असतं, आणि तेही अगदी थोडं. बाटलीच्या टोपणात मावेल एवढ्यावरही त्याचं भागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर पालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात. त्यात अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी आटलं तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, तेव्हा नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. बारीक तोंडाच्या बाटलीत हात जात नाही, मग घासणार कसं? पालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघर कुंड्यांच्या ताटल्या, टायर, करवंट्या तपासत फिरतात. त्या यादीत आपण हौसेने आणखी एक भर घालतो.

पण या सगळ्यापेक्षा मला ज्या पुनर्वापराची भीती वाटते तो कुठल्याही प्रदर्शनात दिसत नाही. तो मोरीत असतो. सायकलवरून येणारा फिनेलवाला जुन्याच पाणीबाटलीत फिनेल देतो. फरशीचं ॲसिड त्याच बाटलीत मिळतं. शेतातून उरलेलं कीटकनाशक कुणीतरी बाटलीत ओतून छपराच्या वाशाला ठेवतं. लेबल तेच, पाण्याचं. पांढरं फिनेल ताकासारखं दिसतं, ॲसिड तर पाण्यासारखंच दिसतं, आणि उन्हातून खेळून आलेलं मूल बाटली बघतं ती पाण्याची म्हणून. मोठी माणसंही रात्री अंधारात चुकतात. सरकारी दवाखान्यातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. मूल दगावलं नाही तरी ॲसिडने अन्ननलिका भाजली की पुढची कित्येक वर्षं ऑपरेशनांत जातात. घरात एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा: पिण्याच्या बाटलीत न पिण्याची वस्तू कधीही भरायची नाही, चिठ्ठी चिकटवूनसुद्धा नाही. कोकणात रस्त्याकडेला जुन्या बाटल्यांत कोकमाचं आगळ मिळतं, गोव्यात काजूची उर्राकही. बाटली आधी कशाची होती हे विचारण्याची सोय तिथेही नसतेच, पण ते निदान पिण्यासाठी असतं, आणि खरं सांगायचं तर मी घेतो.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला असा की पुनर्प्रक्रियेचंही काही सोवळं नाही. बाटलीचा धागा झाला, शर्ट झाला, तो धुताना बारीक तंतू नाल्यात जातात, आणि शर्टाचा पुन्हा शर्ट सहसा होत नाही. धुण्याच्या कारखान्यांचं सांडपाणी कुठे जातं हेही सगळीकडे पाहण्यासारखं नसतं. हे खरं आहे. पण म्हणून रंगवलेला पेंग्विन बरा ठरत नाही, त्याला तर कचराडेपोशिवाय दुसरा रस्ताच नाही. दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. भंगारवाला शहरात दारात येतो. वाडी-वस्तीवर, घाटात, गडाच्या पायथ्याला तो येत नाही, कारण पोतंभर बाटल्यांत हवाच जास्त असते आणि टेम्पोचं भाडंही सुटत नाही. तिथे बाटली जाळली जाते किंवा ओढ्यात जाते. अशा ठिकाणी घरात आलेली बाटली मिळेल त्या कामाला जुंपणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? फक्त ती सोय लावण्याची जबाबदारी त्याची नाही, एवढंच.

मग कुणाची? याचं उत्तर महाराष्ट्राने एकदा कागदावर दिलं होतं. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत बाटल्यांवर सरसकट बंदी नव्हती. बाटलीवर परतीची किंमत छापायची होती: लिटरच्या बाटलीला १ रुपया, अर्ध्या लिटरच्या बाटलीला २ रुपये. लहान बाटली जास्त बेफिकिरीने फेकली जाते, तेव्हा तिला जास्त किंमत, हा हिशेब मला शहाणपणाचा वाटतो. उत्पादक आणि विक्रेत्यांनी बाटल्या परत घ्यायच्या होत्या. पिशव्यांवरच्या बंदीच्या धाडी आपण पाहिल्या, भाजीवाल्यांना झालेले दंड पाहिले. रिकामी बाटली देऊन २ रुपये परत घेतलेलं माणूस तुम्हाला माहीत आहे का?

ठेव ही काही परदेशी कल्पना नाही. सोड्याची बाटली दुकानात परत केल्याशिवाय पैसे सुटत नसत. आरेचं दूध काचेच्या बाटलीतून यायचं आणि रिकामी बाटली देऊनच भरलेली मिळायची. बाटली कंपनीची होती, आपण फक्त आतलं दूध घ्यायचो. प्लास्टिक आल्यावर कंपनीने बाटलीची मालकी गुपचूप आपल्याकडे सोपवली, आणि आपण ती मालकी मिरवत पेनस्टँड करत बसलो. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट ठेव आहे. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की पावती मिळते, आणि दहातल्या नऊहून जास्त बाटल्या परत येतात. तिथे नोकरीला गेलेली आपली मुलं शनिवारी बाटल्यांची पिशवी घेऊन इमानेइतबारे रांगेत उभी राहतात. इथे सुट्टीवर आली की तीच बाटली गाडीच्या काचेतून जाते. माणूस तोच आहे, २५ सेंट तेवढे नाहीत. केरळात सरकारी मद्यदुकानांनी २०२५ मध्ये बाटलीमागे २० रुपये ठेव घ्यायला सुरुवात केली, गोव्याने २०२४ मध्ये ठेव-परताव्याची योजना अधिसूचित केली. इतर राज्यांना जे सुचतं ते आपल्या अधिसूचनेत २०१८ पासून लिहिलेलं होतं, हे आपल्या आमदारांना आठवण करून द्यायला हरकत नाही. ठेव आली तर कचरावेचकांचा धंदा जाईल, अशी शंका रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे गोळा करण्याची केंद्रं त्यांच्याच संस्थांना चालवायला द्यावीत. बाटली ओळखण्यात त्यांच्याइतकं तयार माणूस दुसरं नाही.

तोवर शाळांनी प्रदर्शन जरूर भरवावं, फक्त रंग आणि गोंद कपाटात राहू द्यावा. एका बादलीत पाणी घ्या. बाटलीचा तुकडा आणि टोपणाचा तुकडा टाका, एक बुडेल, एक तरंगेल, आणि का ते मुलांना शोधू द्या. वर्गाने महिनाभर बाटल्या धुऊन, टोपण काढून, चेपून साठवाव्यात, मुलांनीच वजन करावं, मुलांनीच भंगारवाल्याशी भाव करावा. मुलं भाव चांगला करतात. मग त्याच बाटल्या २०१८ च्या दराने परत केल्या असत्या तर किती पैसे आले असते, तो गुणाकार फळ्यावर मांडावा. दोन आकड्यांतला फरक पाहून कुणीतरी हात वर करून विचारीलच की बाकीचे पैसे कुणाकडे आहेत.